८७ डेसिबलच्या स्पीकरसाठी ८ वॅटचा ३००बी ट्यूब ॲम्प्लिफायर योग्य ठरेल का?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर तिच्यातूनच निघते. तुमच्याकडे जमिनीवर उभे राहणारे टू-वे स्पीकर आहेत. त्यांची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक दाबाला, म्हणजे व्होल्टेजला, मिळणारा आवाज) २.८३ व्होल्टला एक मीटरवर ८७ डेसिबल आणि इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा, वारंवारतेनुसार बदलणारा विरोध) ६ ओहम असा छापलेला आहे. चाचणीच्या आलेखात मात्र हा इम्पीडन्स १८० हर्ट्झच्या आसपास ४ ओहमपर्यंत उतरतो आणि क्रॉसओव्हरजवळ, म्हणजे खालच्या व वरच्या सुरांचे ड्रायव्हर जिथे काम वाटून घेतात तिथे, २० ओहमपर्यंत चढतो. तुम्ही साधारण तीन मीटरवर बसून ऐकता, सध्याचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर बदलून ३००बी ट्यूबचा ८ वॅटचा सिंगल-एंडेड (एकच आउटपुट ट्यूब पूर्ण लहर चालवते असा) ॲम्प्लिफायर घेण्याचे तुमच्या मनात आहे, आणि ‘ट्यूबचा वॅट ट्रान्झिस्टरच्या वॅटपेक्षा मोठा असतो’ असे तुम्हाला कोणीतरी सांगितले आहे. माझे मत विचाराल तर या स्पीकरला हा ॲम्प्लिफायर घेऊ नये. वॅट कमी पडतात हे त्यामागचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारण तुम्हीच जोडलेल्या इम्पीडन्सच्या आलेखात आहे.

तरीही वॅटचा हिशेब आधी उरकून घेऊ. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमवर बरोबर १ वॅट. पण ६ ओहमवर तेवढाच दाब १.३३ वॅट खर्च करतो आणि ४ ओहमवर २ वॅट. त्यामुळे तुमच्या स्पीकरची १ वॅटमागची खरी सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबलच्या जवळपास धरावी. शक्ती दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ८ वॅटला ९ डेसिबल मिळून आवाज ९५ वर जातो. दोन स्पीकरचे मिळून आणखी ३ आणि तीन मीटर अंतरामुळे, खोलीच्या भिंतींची मदत जमेस धरून, उणे ५ ते ६. हाती राहतात ९२-९३ डेसिबल, आणि ही कमाल मर्यादा झाली. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकणाऱ्याला वरच्या उसळ्यांसाठी १७-१८ डेसिबलची जागा उरते. एकल गायनाला किंवा लहान वाद्यमेळाला एवढे पुरते. मोठा वाद्यवृंद किंवा ताकदीने वाजवलेला, दाबून न टाकता ध्वनिमुद्रित केलेला ड्रम यांना ते अपुरे पडते. आता ट्यूबच्या ‘मोठ्या’ वॅटबद्दल. वॅट हा वॅटच असतो. फरक एवढाच, की मर्यादा ओलांडताना सिंगल-एंडेड ट्रायोडची (३००बीसारख्या तीन इलेक्ट्रोडच्या ट्यूबची) विकृती हळूहळू आणि मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकच्या (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेच्या) रूपाने वाढते, त्यामुळे क्षणिक उसळी कापली गेली तरी ती कानाला लगेच टोचत नाही. ही सवलत थोड्या डेसिबलची असते. तिच्या भरवशावर ८ वॅटचे ४० वॅट होत नाहीत.

हिशेबावर विसंबण्यापेक्षा स्वतःची गरज मोजून घेणे केव्हाही चांगले, आणि सध्याचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर हाताशी असताना ते सोपे आहे. तुम्ही कधी ऐकता त्यातल्या सर्वात मोठ्या आवाजात एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावा आणि व्हॉल्यूमची खूण तिथेच राहू द्या. मग ॲम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा चालू करा आणि त्याच खुणेवर १२० हर्ट्झचा, कमाल डिजिटल पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली असलेला चाचणीचा सूर वाजवा. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्प्लिफायरच्या स्पीकर-टर्मिनलवर मोजणी करा आणि आलेल्या आकड्याला ४ ने गुणा, कारण १२ डेसिबल म्हणजे दाबात चौपट. समजा मीटरवर २.२ व्होल्ट आले, तर ८.८ व्होल्ट ही तुमची कमाल गरज. तिचा वर्ग करून स्पीकरच्या किमान ४ ओहमने भागल्यास सुमारे १९ वॅट येतात. पुष्कळांना या पद्धतीने २ किंवा ३ वॅटच निघतात आणि ते चकित होतात. काहींना ५० निघतात. हा प्रयोग ट्यूब ॲम्प्लिफायरवर मात्र कधीही करू नये, त्याचे कारण पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा अंतर्गत विरोध) सहसा ओहमचा अगदी छोटा अंश असतो, त्यामुळे समोर ४ ओहम असोत वा २०, स्पीकरला मिळणारा दाब जवळजवळ सारखाच राहतो. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत आत देऊन चूक सुधारणे) नसलेल्या ३००बी सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स ८ ओहमच्या टॅपवर (८ ओहमच्या स्पीकरसाठीच्या जोडणीवर) २ ते ३ ओहम सहज असतो. तो २.५ धरा. जिथे स्पीकर ४ ओहम आहे तिथे दाबाची विभागणी ४ भागिले ६.५ अशी होऊन ४.२ डेसिबल गळतात; जिथे तो २० ओहम आहे तिथे फक्त १ डेसिबल गळतो. म्हणजे क्रॉसओव्हरजवळचा पट्टा १८० हर्ट्झच्या तुलनेत तीन डेसिबलहून अधिक वर उचलला जातो. एवढा फरक कोणालाही ऐकू येतो. तुमच्या स्पीकरमध्ये तो नेमका कंठस्वराच्या वरच्या भागात येतो, आणि पुरुषाचा आवाज, चेलो यांचा भरणा जिथे असतो तो भाग तेवढाच पातळ होतो. परीक्षणांत याचे वर्णन ‘गायक पुढे आला’, ‘पारदर्शकता वाढली’ अशा शब्दांत केलेले आढळते. प्रत्यक्षात नकळत टोन कंट्रोल फिरवलेला असतो, आणि तोही तुमच्या स्पीकरच्या आलेखाने ठरवलेल्या आकाराचा. म्हणूनच एका घरी स्वर्गीय वाटलेला ॲम्प्लिफायर दुसऱ्या घरी विचित्र वाटतो. आउटपुट इम्पीडन्स ०.५ ओहम असेल तर हाच फरक ०.८ डेसिबलवर येतो, आणि तो सुखाने सोसता येतो.

त्यामुळे छापील ‘६ ओहम’वर फार विश्वास ठेवू नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान इम्पीडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ६ ओहमचा स्पीकर ४.८ च्या खाली उतरायला नको. तुमचा ४ पर्यंत उतरतो. उत्पादकांचे हे औदार्य नवे नाही. त्यातही १८० हर्ट्झच्या पट्ट्यात संगीताची बरीच ऊर्जा असते, त्यामुळे तिथली घळ ही १० किलोहर्ट्झवरच्या घळीपेक्षा ॲम्प्लिफायरला जास्त जड जाते.

उलट बाजूची उदाहरणेही पाहण्यासारखी आहेत. बीबीसीने रचलेला एलएस३/५ए हा लहान स्पीकर जेमतेम ८२-८३ डेसिबलचा, तरीही त्याच्या जुन्या १५ ओहमच्या आवृत्तीला १५-२० वॅटच्या ट्यूब ॲम्प्लिफायरशी जमवून घेताना अडचण येत नाही, कारण इम्पीडन्स उंच असल्याने तो प्रवाह थोडा मागतो आणि ॲम्प्लिफायरवर भार हलका राहतो. तो गडगडाट करणार नाही, पण मध्यम आवाजात उत्तम वाजेल. १९५७ चा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर वरच्या वारंवारतांना २ ओहमच्याही खाली जातो, आणि तरी त्याच कंपनीचा १५ वॅटचा क्वाड-टू त्याला पुरला. दोघांची रचना एकमेकांना धरून झाली होती, शिवाय त्या स्पीकरच्या पॅनेलना जादा शक्तीने इजा होऊ शकते. सेन्सिटिव्हिटीचा एकच आकडा पाहून निर्णय करणाऱ्याला ही दोन्ही उदाहरणे उमगणार नाहीत.

३००बी ही वाईट ट्यूब आहे असा याचा अर्थ घेऊ नये. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३० च्या दशकात ती आणली. त्या काळी सिनेमागृहांत अशा चिमूटभर वॅटवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरसमोर मोठाले हॉर्न असत, आणि तिची खरी जोडी आजही तशाच स्पीकरशी जमते: ९५ डेसिबलच्या पुढचे, सपाट आणि उंच इम्पीडन्सचे, किंवा १९४६ पासून बनत आलेल्या क्लिपशॉर्नसारखे शंभरी ओलांडणारे. तिथे वॅटची चिंता संपते आणि ॲम्प्लिफायरच्या गुणगुणीची सुरू होते. आउटपुटला १ मिलिव्होल्ट गुणगुण असेल तर ती २.८३ व्होल्टच्या ६९ डेसिबल खाली असते. १०४ डेसिबलच्या स्पीकरमधून ती एक मीटरवर ३५ डेसिबलने ऐकू येईल, तुमच्या स्पीकरमधून १८ ने, म्हणजे व्यवहारात नाहीच. तुम्ही हॉर्न घेणार नाही, त्यामुळे हा मुद्दा तुमच्यापुरता गौण आहे.

तुमच्यासाठी मी पुश-पुल रचना (दोन ट्यूब उलटसुलट जोडीने काम करतात अशी) का सुचवतो हे समजण्यासाठी आउटपुट ट्रान्सफॉर्मरकडे पाहावे लागेल. ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये पैसे मुरतात ते तिथेच. त्याचे काम स्पीकरचे थोडे ओहम ट्यूबला हवे तेवढे मोठे करून दाखवण्याचे. वेढ्यांचे प्रमाण २० असेल तर इम्पीडन्स त्याच्या वर्गाने, म्हणजे ४०० पट वाढतो आणि ८ ओहमचा स्पीकर ट्यूबला ३२०० ओहमचा दिसतो. त्याच टॅपवर ४ ओहम जोडले तर ट्यूबला १६०० दिसतात आणि विकृती वाढते. सिंगल-एंडेड रचनेत प्राथमिक वेढ्यांतून सतत डीसी प्रवाह वाहत असल्याने गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते, तिने इंडक्टन्स घटतो आणि खालचे सूर सांभाळायला लोखंड फार लागते. पुश-पुलमध्ये दोन ट्यूबचे डीसी प्रवाह गाभ्यात एकमेकांचा परिणाम रद्द करतात, म्हणून तेवढ्याच वजनात खर्ज अधिक भक्कम मिळतो. ॲम्प्लिफायर निवडताना १ किलोहर्ट्झवरच्या वॅटऐवजी ३० हर्ट्झवर किती वॅट मिळतात ते विचारा. विक्रेत्याला सांगता आले नाही तर वजन करून पाहा. हलका ट्रान्सफॉर्मर खर्जात काय करील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

ट्यूबच्या नावांत फार गुंतू नका. ईएल८४ ची पुश-पुल जोडी १२-१५ वॅट देते आणि सोप्या भाराच्या स्पीकरला ती फार गोड लागते. मला स्वतःला हीच जात सर्वात आवडते, पण तुमच्या ४ ओहमच्या घळीला आणि मोजणीत १९ वॅट निघाले तर त्या गरजेला ती पुरणार नाही. ईएल३४ ची जोडी ३५-४० वॅट देते, आणि ८ वॅटच्या मानाने ६-७ डेसिबलची वाढ म्हणजे तुमची मर्यादा ९९ च्या आसपास जाते. केटी८८ ने ५०-७० वॅट मिळतील, पण ३५ वरून ७० म्हणजे फक्त ३ डेसिबल, आणि त्यासाठी उष्णता, वजन व ट्यूबचा खर्च सारेच वाढते. रचना अल्ट्रा-लिनिअर (आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरून ट्यूबच्या स्क्रीन ग्रिडलाही सिग्नल देणारी) असावी. हॅफलर आणि केरोज यांनी १९५१ साली ती लोकप्रिय केली आणि तिच्यामुळे पेंटोडच्या (पाच इलेक्ट्रोडच्या ट्यूबच्या) शक्तीचा मोठा भाग राखून ट्रायोडसारखा कमी आउटपुट इम्पीडन्स मिळवता येतो. त्यावर १२-२० डेसिबल फीडबॅक असेल तर डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरचा इम्पीडन्स भागिले आउटपुट इम्पीडन्स) १० किंवा त्याहून जास्त मिळायला हरकत नाही. ८ ओहमला १० म्हणजे आउटपुट इम्पीडन्स ०.८ ओहम. ‘शून्य फीडबॅक’ ही जाहिरातीतली बढाई तुमच्या स्पीकरसाठी अवगुण आहे. बायस (ट्यूबमधला स्थिर प्रवाह ठरवणारा दाब) स्वयंचलित असेल तर देखभाल कमी. फिक्स्ड बायस असेल तर ट्यूब बदलल्यावर आणि मधूनमधून तो तपासण्याची तयारी ठेवा, आणि मोजण्याची सोय बाहेरून आहे ना ते पाहा, कारण आत ४०० व्होल्टच्या घरातला दाब असतो व तो बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो.

शक्य असेल तर ॲम्प्लिफायर घरी आणून तुमच्याच स्पीकरवर ऐका, आणि सुरुवात ४ ओहमच्या टॅपवरून करा. या टॅपवर आउटपुट इम्पीडन्स ८ ओहमच्या टॅपच्या साधारण निम्मा असतो, त्यामुळे वरचा सगळा असमतोल कमी होतो. नंतर ८ ओहमच्या टॅपवर जाऊन पाहा. थोडा आवाज वाढलेला वाटेल, म्हणून तुलना करताना व्हॉल्यूम पुन्हा जुळवून घ्या, नाहीतर मोठा आवाज तोच चांगला वाटतो. खालचा स्वर सैल झाला किंवा गायकाचा आवाज छातीऐवजी नाकातून आल्यासारखा वाटला तर ४ ओहमवरच थांबा. तारा बदलताना दर वेळी ॲम्प्लिफायर बंद करून काही मिनिटे जाऊ द्या, आणि स्पीकर न जोडता त्याला सिग्नल कधीही देऊ नका: भार नसताना ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेढ्यांत इतका उंच दाब उसळू शकतो, की त्याचे इन्सुलेशन फुटते किंवा ट्यूबच्या पायांत ठिणगी पडते. मल्टिमीटरचा प्रयोग ट्रान्झिस्टरवरच करायला सांगितले ते याचसाठी, त्यामुळे जुना ॲम्प्लिफायर विकण्याआधी तेवढी मोजणी करून ठेवा.