बाळाची पहिली डोळे तपासणी: थेंबांना नाही म्हणू नका

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सात महिन्यांचं बाळ बोलत नाही, मग त्याची नजर तपासणार कशी? आणि बाहुली मोठी करणारे थेंब इतक्या लवकर घालू द्यावेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगतो, कारण आईवडील कचरतात ते तिथेच. घालू द्या. थेंबांशिवाय ही तपासणी अर्धवट राहते.

बाळाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. जवळचं पाहताना ते फुगतं आणि त्यामागे खरा नंबर लपतो. सायक्लोपेंटोलेटच्या थेंबांनी हे फुगणं काही तास थांबतं, बाहुली रुंदावते आणि मागचा पडदाही नीट पाहता येतो. वर्षाच्या आतल्या बाळाला सहसा अर्धा टक्क्याचे थेंब देतात. ते झोंबतात, बाळ मिनिटभर रडतं. असर व्हायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. डोळे गडद रंगाचे असतील तर थेंब पुन्हा घालावे लागू शकतात. थेंब पडले की नाकालगतच्या कोपऱ्यावर बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाब धरा, म्हणजे औषध नाकात उतरून रक्तात कमी जातं. नंतर गाल लालसर होणं, थोडी गुंगी येणं, उजेडात डोळे मिचकावणं हे साधारण दिवसभरात ओसरतं, त्यामुळे निघताना टोपी हवीच. मात्र ताप चढला, पोट फुगलं, उलट्या थांबेनात किंवा बाळ फार बेचैन झालं तर लगेच डॉक्टरांना कळवा. काही डॉक्टर आधी तीन दिवस घरी अ‍ॅट्रोपिन (याच कामाचं, पण जास्त काळ टिकणारं औषध) घालायला सांगतात. त्याने बाहुल्या आठवडाभर किंवा त्याहून जास्त मोठ्या राहतात, घाबरू नका. फक्त घातल्यावर हात धुवा आणि सांगितल्यापेक्षा एक थेंबही जास्त नको.

आता नजरेचं. थेंबांच्या आधी डॉक्टर एखादं खेळणं हलवून बाळाची नजर त्याच्यामागे जाते का पाहतात. मग एकेक डोळा झाकतात. हा भाग लक्ष देऊन पाहा. उजवा झाकल्यावर बाळ खुशाल खेळतंय आणि डावा झाकला की दर वेळी हात ढकलतंय, रडतंय, मान वळवतंय, असं झालं तर उजव्या डोळ्याने नीट दिसत नसल्याची शंका येते. बारीक पट्ट्यांची कार्डंही दाखवतात. पट्ट्या दिसल्या तर बाळ कोऱ्या बाजूपेक्षा तिकडेच पाहतं. थेंबांनंतर डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, समोर भिंगं धरून नंबर काढतात. बाळाने काही सांगायची गरजच नाही. या वयात अधिक दोनच्या (+२) आसपासचा नंबर सहसा नॉर्मल असतो, त्याला चष्मा लागत नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असेल तर मात्र कमकुवत डोळा आळशी पडू शकतो, म्हणजे मेंदू त्याची नजर वापरणं सोडतो.

वेळ झोप झाल्यानंतरची घ्या. तासभर आधी दूध पाजा, थोडं राखून ठेवा. दूध ओढत असलेलं बाळ डोळे उघडे ठेवतं आणि हलत नाही. पोट गच्च भरून नेलं तर थेंबांच्या रडण्यात प्यायलेलं दूध उलटून पडतं.

जाताना बाळ किती आठवड्यांचं जन्मलं, वजन किती होतं, ऑक्सिजन लागला होता का, हे लिहून न्या. घरात कोणाला लहानपणी तिरळेपणा, जाड चष्मा, मोतीबिंदू किंवा डोळ्याची गाठ होती का तेही. (फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या पडद्याची तपासणी वेगळी, जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते.) फ्लॅशने काढलेले फोटोही दाखवा. रुंद नाकामुळे काही बाळांचे डोळे नुसते तिरळे भासतात; तेव्हा दोन्ही बुबुळांवरचा चमकता ठिपका सारख्याच जागी असतो.

फोटोत एक बाहुली पांढरी दिसली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात जा. मोतीबिंदू असू शकतो, पडद्यावरची गाठही. बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, उजेडाने डोळे घट्ट मिटणं आणि सोबत पाणी वाहणं यांनाही हीच घाई. त्यामागे काचबिंदू असू शकतो. नुसतं पाणी आणि चिकटा असेल तर बहुतेकदा अश्रूनलिका बंद असते, ती वर्षाच्या आत सहसा आपोआप मोकळी होते.