सात दिवसांची मुदत लेखी तक्रारीपासूनच सुरू होते

पारोळा तालुक्यातील एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा इयत्ता आठवीतला मुलगा रोज एसटीने तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक विद्यालयात जातो. दहावीतली तीन मुले जूनपासून त्याला बसमध्ये आणि मधल्या सुट्टीत मारतात, पैसे काढून घेतात आणि तो अहिराणीत बोलतो म्हणून टिंगल करतात. त्या टिंगलीचा व्हिडिओही त्यांनी व्हॉट्सॲपवर फिरवला आहे. पालकांनी वर्गशिक्षकांना आणि मुख्याध्यापकांना अनेकदा सांगितले. ‘पोरं आहेत, मस्ती चालायचीच, बसमधलं आमच्याकडे नाही, पटत नसेल तर दाखला घेऊन जा,’ असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तिन्ही मुलांची नावे टाकली, आणि आता त्यांपैकी एकाचे वडील अब्रुनुकसानीची धमकी देत आहेत. मुलांवर व शाळेवर कारवाई होईल का, दाखला घ्यावा का, आणि शाळेला जनजागृती करायला भाग पाडता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

अशाच आशयाची पत्रे चोपडा, शहादा, साक्री या भागांतूनही येतात आणि त्या सर्वांत एक गोष्ट समान असते : सांगितलेले असते सगळ्यांना, लिहून दिलेले असते कोणालाच नाही. आपणही इतक्या महिन्यांत एकही लेखी अर्ज दिलेला नाही. आपल्या प्रकरणात जे काही निर्णायक आहे ते याच एका ठिकाणी आहे, म्हणून प्रथम तेच सांगतो.

महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999 हा केवळ वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे आणि शाळाही तो सोयीस्करपणे जपतात. प्रत्यक्षात त्यातील शैक्षणिक संस्थेच्या व्याख्येत महाविद्यालय किंवा अन्य कोणत्याही नावाने ओळखली जाणारी, शिक्षण देणारी संस्था येते. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होईल, भीती वाटेल किंवा लाजिरवाणे वाटेल असे वर्तन, त्यात चिडवणे, शिवीगाळ, धमकी आणि दुखापत हे सर्व, तेथे रॅगिंग ठरते. शाळेचे वकील कायद्याच्या व्याप्तीवर वाद घालतील हे खरे, आणि न्यायालय त्यावर काय म्हणेल याची हमी मी देणार नाही; परंतु व्याख्येचे शब्द आपल्या बाजूचे आहेत, असे माझे मत आहे. ‘बसमधलं आमच्याकडे नाही’ हे उत्तर मात्र सरळ चुकीचे आहे, कारण कलम 3 संस्थेच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणच्या रॅगिंगला मनाई करते.

आता कलम 6 पाहा. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने संस्थाप्रमुखाकडे लेखी तक्रार केली, की ती मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत त्याने चौकशी करायची असते. तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळले तर संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करून ती तक्रार तात्काळ पोलीस ठाण्याकडे पाठवायची असते आणि तथ्य आढळले नाही तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे असते. म्हणजे कोणताही निष्कर्ष निघाला तरी मुख्याध्यापकांना कागदावर यावेच लागते. त्यांनी काहीच केले नाही, तर कलम 7 नुसार त्यांनीच रॅगिंगला चिथावणी दिली असे मानले जाते आणि दोषी ठरल्यास त्यांना रॅगिंग करणाऱ्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची व दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची शिक्षा होऊ शकते. मुख्याध्यापकांवर इतका थेट भार टाकणारी तरतूद शालेय कायद्यात क्वचितच सापडते, आणि ती तोंडी तक्रारीने जागी होत नाही. आपण फाटकाशी उभे राहून जे वारंवार सांगितले त्याने सात दिवसांपैकी एकही दिवस मोजला गेलेला नाही.

तेव्हा उद्याच अर्ज द्यावा. घटना तारीखवार लिहाव्यात. तारीख आठवत नसेल तर कोणत्या आठवड्यात, कोणत्या तासानंतर, कोणत्या थांब्यावर ते लिहावे. कोण काय बोलले ते त्याच शब्दांत लिहावे, सभ्य करून लिहू नये. टिंगलीत जातीचा किंवा जमातीचा उल्लेख झाला असेल, तर ते शब्द जसेच्या तसे येणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण मग वेगळा आणि अधिक कठोर कायदा लागू होण्याचा प्रश्न येतो. आणि छेडछाडीचे स्वरूप लैंगिक असेल, तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवणे शाळेवर बंधनकारक आहे. शाळेच्या आवारातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी याच अर्जात करावी, कारण जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. लिपिक ‘साहेब नाहीत’ म्हणून परत पाठवत असेल, तर वाद न घालता तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावा आणि त्याची प्रत जळगाव जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना द्यावी.

शाळेच्या सात दिवसांवर मी इतका भर का देतो, ते मुलांवरील कारवाईच्या प्रश्नातून स्पष्ट होईल. ती मुले अठरा वर्षांखालील आहेत, म्हणून प्रकरण नेहमीच्या न्यायालयात न जाता बाल न्याय मंडळापुढे जाईल. बाल न्याय अधिनियम, 2015 मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे किरकोळ धरले जातात आणि रॅगिंग त्यात बसते. अशा गुन्ह्यात पोलीस सहसा प्रथम खबर (एफआयआर) नोंदवत नाहीत, ठाणे दैनंदिनीत नोंद करतात. मंडळाने चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिने वाढवून, पूर्ण करायची असते. आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी वाढीव मुदतीतही संपली नाही, तर कलम 14 नुसार ते प्रकरण तिथेच संपते. ज्या मंडळांपुढे तारखांची रीघ लागलेली असते तेथे सहा महिने कसे निघून जातात, हे खान्देशातील कोणत्याही वकिलाला विचारावे. मुलांच्या हिताची ही तरतूद यंत्रणेच्या दिरंगाईमुळे तक्रारदाराच्या मुळावर येते, हे मला वर्षानुवर्षे खटकत आले आहे. शिवाय मंडळाने मुलांना दोषी ठरवले तरी समज, समुपदेशन, समाजसेवा किंवा पालकांना दंड हेच बहुधा संभवते. ‘आत टाकणे’ हा शब्द आपण पत्रात वापरला आहे; तो सोडून द्यावा. दुखापतीबाबत स्वतंत्र तक्रार करायची असेल, तर साध्या दुखापतीला एक वर्षाची मुदत आहे हे ध्यानात ठेवून दवाखान्याचे केसपेपर आत्ताच जमा करावेत.

दाखला आज घेऊ नये. मुलगा प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवी संपेपर्यंत, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 मुळे शाळा त्याला काढू शकत नाही. त्यामुळे ‘दाखला घेऊन जा’ हे वाक्य सल्ला म्हणून बोललेले असो वा धमकी म्हणून, त्याला कायद्याचा आधार नाही. अर्जाआधी दाखला घेतला, तर ‘हा आमचा विद्यार्थीच नाही’ असे म्हणायला शाळा मोकळी होईल. मुलाला तिथे बसवणे अशक्य झाले असेल तर शाळा जरूर बदलावी, पण अर्जाची पोच हातात आल्यानंतर.

जनजागृतीच्या प्रश्नाचे उत्तर ‘भाग पाडता येईल, पण कशाला’ यावर अवलंबून आहे. एखाद्या शनिवारी पाहुणा बोलावून व्याख्यान, पुष्पगुच्छ आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक आवृत्तीत फोटो, एवढ्यावर शाळा कर्तव्य झाले असे समजतात. अशा कार्यक्रमाने आठवीतल्या मुलाची बसमधली जागा सुरक्षित होत नाही. बदलापूर येथील ऑगस्ट 2024 मधील घटनेनंतर राज्य शासनाने तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती यांबाबत शाळांना पुन्हा निर्देश दिले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2015 मध्ये आपल्या शाळांना दादागिरी प्रतिबंधक समिती नेमण्याची मार्गदर्शक सूचना केली. ती राज्य मंडळाच्या शाळेला बंधनकारक नाही, पण नमुना म्हणून अर्जात तिचा उल्लेख जरूर करावा. मागणी मोजक्या शब्दांत करावी : त्रास झाला तर कोणाला सांगायचे त्या शिक्षकाचे नाव प्रत्येक वर्गात लावावे, तक्रारपेटी कोणासमोर आणि कधी उघडली जाते ते जाहीर करावे, आणि रॅगिंग कायद्याची कलमे 6 व 7 परिपाठात विद्यार्थ्यांना व बैठकीत शिक्षकांना वाचून दाखवावीत. पाहणाऱ्या मुलांना आपणही तक्रार देऊ शकतो हे माहीत नसते, कारण ते त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची मागणीही त्यात असावी. वर्गात एखाद्या मुलाने अहिराणीत उत्तर दिले की शिक्षकच हसतात असे कित्येक पालक लिहितात. जिथे गुरुजी हसतात तिथे दहावीच्या मुलांना परवानगी आणखी कोणाची हवी? तालुका विधी सेवा समिती शाळांत कायदेविषयक शिबिरे विनामूल्य घेते, त्यामुळे पैशाची सबब शाळेला सांगता येणार नाही.

व्हॉट्सॲप गटावरील मजकूर तातडीने काढावा, पण त्याआधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. चौकशी सुरू झाल्यावर त्या मुलांची ओळख उघड करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली आपलाच गुन्हा ठरू शकतो; आजवरच्या मजकुराला ते कलम लागेल असे मला वाटत नाही, तरी धोका वाढवण्याचे कारण नाही. आपल्याकडे आलेला व्हिडिओ पुढे पाठवू नये आणि तो ज्या फोनवर आला तो फोन विकू वा रिसेट करू नये, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. वकिलाची फी परवडत नसेल, तर मुलाच्या नावाने विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. बालकाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अब्रुनुकसानीची नोटीस खरोखर आली, तर ती याच वकिलाकडे द्यावी आणि तिला गटावर उत्तर देऊ नये.