पश्चिम आफ्रिकेत लिखित इतिहास नव्हता, मग माली साम्राज्याची माहिती आपल्याला कशी मिळाली?

‘लिखित नव्हता’ हे अर्धंच खरं. मालीतल्या टिंबक्टू शहरात अरबी लिपीतली हस्तलिखितं ढिगाने सापडतात. शिवाय 1352-53 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालीच्या दरबारात जाऊन आला, त्याने बरंच लिहून ठेवलंय. सणाच्या दिवशी पिसांचा पोशाख आणि लाल चोचीचं लाकडी डोकं चढवून कवी राजासमोर उभे राहतात आणि पूर्वजांची थोर कृत्यं ऐकवतात, असं तो सांगतो. त्याला हा प्रकार हास्यास्पद वाटला, पण नोंद मात्र लाखमोलाची!

हे कवी म्हणजे ग्रियो. मांडिंका लोकांत हे काम पिढीजात. कुयाते, जबाते ही त्यांची नावाजलेली घराणी. सुंजाता केईताने 1235 च्या सुमारास किरीनाच्या लढाईत सोसोचा राजा सुमांगुरू याला हरवलं आणि मालीचा पाया घातला, ही कथा मुख्यतः त्यांच्या तोंडून आली. त्यात जादूटोणा भरपूर आहे, तेव्हा शब्दन् शब्द खरा धरू नका. पण वंशावळी आणि नातीगोती त्यांनी जिवापाड जपली.

सुमांगुरूचा म्हणून मानला जाणारा बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) आजही गिनीतल्या नियागासोला गावात कुयाते घराण्याकडे आहे. सुमारे दीड मीटर लांब, वीस लाकडी पट्ट्या, खाली नाद घुमवणारे भोपळे. तो वाजवतो घराण्याचा कर्ता पुरुष, तेही ठरावीक प्रसंगीच. युनेस्कोने 2001 मध्ये या वारशाला मान्यता दिली.