रिमोट रेडिओ हेड (मोबाईल टॉवरवर अँटेनाजवळ बसणारं रेडिओ युनिट) आयात करताना कस्टम्समध्ये 'पार्ट' दाखवायचं का?

नको, भारतात आणताय तर ८५१७ ६२ ९० या टॅरिफ कोडखाली दाखवा, कारण ते युनिट स्वतःच बेसबँडकडून (बेस स्टेशनचा सिग्नल प्रोसेस करणारा भाग) फायबरने आलेल्या डिजिटल सिग्नलचं रेडिओ सिग्नल करून अँटेनाला देतं, म्हणजे रूपांतर नि ट्रान्समिशन दोन्ही करतं, आणि टॅरिफच्या सेक्शन १६ ची नोट २(अ) स्पष्ट सांगते की ज्या वस्तूला स्वतःचं हेडिंग (चार आकडी कोड) आहे ती तिथेच जाते, मग ती मोठ्या सिस्टिमचा भाग का असेना. अख्खं बेस स्टेशन असेल तर ८५१७ ६१. आत रेडिओ नसलेला नुसता पॅसिव्ह अँटेना २०२२ पासून ८५१७ ७१ मध्ये जातो, त्याला यात मिसळू नका. फक्त एक, रेडिओ हेडवरून आयातदार आणि कस्टम्समध्ये मोठे वाद झालेत, त्यामुळे माल न्हावा शेवाला लागायच्या आधीच मुंबईच्या ॲडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (आयातीआधीच कोडचा निर्णय देणारी संस्था) डेटाशीट, ब्लॉक डायग्राम जोडून अर्ज करा, इन्व्हॉइसवर सप्लायरने छापलेल्या कोडवर अजिबात विसंबू नका.