बुडाला चीर का पडते?

प्रश्न : घराजवळच्या सिरॅमिक स्टुडिओत दीड महिना चाकावर बसते आहे. गोळा चाकाच्या मध्यावर येत नाही. जे दोन-चार कप जमले, त्यांच्या बुडाला वाळताना नागमोडी चीर पडली. माती बदलू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : माती तीच राहू द्या. आधी गोळा लहान करा, 400-500 ग्रॅम पुरे. पन्नासेक वेळा मळा, मग तारेने मधोमध कापून बघा. हवेचे भोक दिसले तर पुन्हा मळा. चाक जोरात हवे. डावे कोपर मांडीला घट्ट टेकवा; अधांतरी हात असला की गोळाच हाताला नाचवतो! डाव्या तळव्याने बाजूने दाब, उजव्याने वरून. हात हळूहळू सोडा. झटक्यात उचलला की गोळा पुन्हा सरकतो.

चिरेचे कारण बहुधा बुडातच असते. भिंती ओढताना माती दाबली जाते, बूड तसेच सैल राहते आणि वाळताना जास्त आकसते. म्हणून गोळ्यात मधोमध भोक पाडल्यावर सुईने बुडाची जाडी मोजा (6 ते 8 मिलिमीटर), मग लाकडी पट्टीने मध्यापासून कडेपर्यंत आणि परत, तीन-चारदा दाबा. आत साचलेले पाणी स्पंजने टिपा. नवशिके इथेच चुकतात.

वडोद्याच्या मे महिन्यात कप पंख्याखाली ठेवू नका. वर सैलसर प्लॅस्टिक टाका आणि काठ धरण्याइतका कडक झाला की कप उपडा करा.