सिन्पोमध्ये सरसकट ५५५५५ टाकू नका

तुम्ही विचारलंय, परदेशी रेडिओ स्टेशन झकास लागलं म्हणून त्यांना पाठवलेल्या रिपोर्टात सिन्पो (सिग्नल कसा आला ते सांगणारे पाच आकडे) ५५५५५ टाकलं, तरी क्यूएसएल कार्ड (तुम्ही ऐकल्याची स्टेशनकडनं येणारी पोच) का येईना. अहो, शॉर्टवेव्हला हजारो किलोमीटरवरनं पाचही पाच क्वचितच येतात, आणि आले तरी तिकडच्या इंजिनिअरला त्यातनं काय कळणार? सिग्नल सोलापुरात पोचेपर्यंत कुठं बिघडतो हे त्याला हवं असतं, त्यामुळं खरा ४३३३३ त्याच्या जास्त कामाचा.

सिन्पो म्हणजे सिग्नल, इंटरफिअरन्स, नॉईज, प्रॉपगेशन, ओव्हरऑल, प्रत्येकाला १ ते ५, आणि ५ सगळ्यात चांगला. घोळ मधल्या आकड्यांत होतो, खरखर लई म्हणून लोक नॉईजला ५ देऊन मोकळे होतात, पण तिथं ५ म्हणजे खरखर अजिबात नाही आणि १ म्हणजे कहर. दुसरं स्टेशन घुसलं तर इंटरफिअरन्स, आणि एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, मोबाईल चार्जर, शेजारचे पॉवरलूम यांची गुरगुर ती नॉईज. सोलापूरच्या पूर्व भागात राहत असाल तर लूम चालू असताना नॉईजला चांगला आकडा मिळणं अवघडच. एकदा घराचा मेन स्विच पाडून सेट सेलवर लावून बघा, खरखर गेली तर दोष घरातलाच, उगाच आभाळावर ढकलू नका, आणि रिपोर्टात तसं लिहा.

आवाज लाटेसारखा वर-खाली होतो ते फेडिंग, ते प्रॉपगेशनमध्ये धरायचं. ओव्हरऑल ही सरासरी नाही बरं का, आधीच्या चारांतल्या सगळ्यात कमी आकड्याच्या वर तो न्यायचा नाही. म्हणजे ४३२४ आलं तर शेवटी फार तर २.

पण कार्ड नुसत्या आकड्यांवर मिळत नाही, तुम्ही खरंच ऐकलं हे पटावं लागतं. "बातम्या झाल्या, मग गाणी" असलं नको, पंधरा-वीस मिनिटांचा तपशील द्या, १५:०४ ला बाईंनी पुराची बातमी वाचली, १५:१० ला बासरी, मध्ये स्टेशनचं नाव, असं. फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, सेट कुठला, अँटेना काय (गच्चीवर ताणलेली तांब्याची वायर असेल तर तेच लिहा, लाजायचं काय त्यात).

आणि वेळ यूटीसीत (जगभर एकच धरायची प्रमाणवेळ), म्हणजे आपल्या वेळेतनं साडेपाच तास वजा. रात्रीचे साडेआठ म्हणजे १५:००. पहाटेचं ऐकलं असेल तर तारीखही बदलते, १२ तारखेचे पहाटेचे पाच म्हणजे ११ तारीख, २३:३०. तुमच्या रिपोर्टात "सकाळी ५" एवढंच आहे, तेवढं दुरुस्त करून परत पाठवा.