तेल महागलं की भाजी किती महागावी?

प्रश्न : डिझेल लिटरमागे पाच रुपयांनी वाढलं की कांदा किती महागायला हवा? आणि कच्चं तेल उतरल्यावर भाव का उतरत नाहीत?

उत्तर : आधी हिशेब करू. नाशिक ते वाशी बाजार समिती, जाऊन-येऊन साधारण 360 किलोमीटर. दहा टनांचा ट्रक लिटरला चार किलोमीटर धरला तर 90 लिटर डिझेल, म्हणजे 450 रुपये जास्त. दहा हजार किलोंवर विभागा : किलोमागे साडेचार पैसे! त्यामुळे विक्रेत्याने डिझेलच्या नावावर पाच रुपये वाढवले तर ते पटण्यासारखं नाही. खरं कारण बहुधा आवक घटल्याचं असतं. तेलाचा मोठा फटका हळू, आडवाटेने बसतो : खतं, प्लास्टिक, मळणीयंत्राचं भाडं, एसटीचं तिकीट. शिवाय तेलाचं बिल डॉलरमध्ये, म्हणून तेल महागलं की डॉलरची मागणी वाढून रुपयावर ताण येतो, आणि रुपया घसरला की आयात केलेल्या इतर वस्तूही महागतात.

आता उतरण्याचं. बॅरल म्हणजे 159 लिटर. डॉलर 85 रुपये धरला तर बॅरलमागे एका डॉलरचा फरक म्हणजे लिटरला सुमारे 53 पैसे. पण तो पंपापर्यंत येईलच असं नाही. मे 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवला, त्यामुळे ग्राहकाला त्या स्वस्ताईचा लाभ मिळाला नाही. ट्रकचं भाडंही एकदा वाढलं की क्वचितच खाली येतं. वाहतुकीचा करार करणाऱ्या शेतकरी गटांनी म्हणूनच डिझेल दराशी जोडलेली, वाढ आणि घट दोन्हींची अट लेखी घालून घ्यावी.